वायकाटोच्या कुरणात पत्रकार

ऑक्टोबर 2015 मध्ये न्यूझीलंडच्या हॅमिल्टन शहरात जगभरच्या कृषी पत्रकारांचे अधिवेशन भरले. त्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1956 सालचा. अधिवेशन दरवर्षी नव्या देशात होते आणि त्याचा खरा गाभा असतो शिवारफेरी. दुग्धव्यवसाय पाहायचा तर हॅमिल्टनसारखी जागा नाही. हे शहर वायकाटो प्रांतातले. 1952 मध्ये जवळच्याच गॉर्डनटनला रॉन शार्प यांनी गाई तिरक्या रांगेत उभ्या करून दूध काढायची सोय केली. माणूस खालच्या चरात उभा राहतो, त्यामुळे त्याला वाकावे लागत नाही. फिरता गोठा तारानाकी प्रांतात मर्व्ह हिक्स यांनी 1969 मध्ये बनवला. गाय आपल्या पायांनी फिरत्या ओट्यावर चढते, फेरी पुरी होईतो दूध निघते आणि ती मागे सरकत खाली उतरते.

बाहेरच्या माणसाला भुरळ पाडणारे तिथे बरेच आहे. गाई बारा महिने उघड्यावर, रायगवत आणि पांढऱ्या क्लोव्हरवर चरतात. विजेची तार सरकवून त्यांना रोज ताजा पट्टा दिला जातो. सरासरी कळप तेव्हा 420 च्या आसपास होता आणि तो दोनतीन माणसे सांभाळत. जमीन नसलेल्या तरुणालाही या धंद्यात वाट आहे: मालकाची जमीन, तरुणाच्या गाई आणि श्रम, दुधाचे पैसे निम्मे निम्मे. आपल्याकडच्या अर्धेलीसारखीच ही रीत, आणि अनेकांनी याच मार्गाने पुढे स्वतःची शेती घेतली. मला तिथली ही व्यवस्था यंत्रांपेक्षा मोलाची वाटते.

पण 2015 चा ऑक्टोबर तिथल्या शेतकऱ्याला जड होता. देशातले बहुतेक दूध घेणारी फोंटेरा ही शेतकऱ्यांचीच सहकारी संस्था, 2001 मध्ये स्थापन झालेली. ती लिटरवर पैसे देत नाही. फॅट आणि प्रथिने मिळून जे घन घटक भरतात, त्यांच्या किलोवर देते. 2013-14 च्या हंगामात हा दर 8.40 डॉलर होता. पुढच्या हंगामात तो 4.40 झाला आणि 2015-16 मध्ये 3.90 वर आला. सरासरी शेतकऱ्याचा खर्च मात्र पाच डॉलरच्या पुढे होता. चीनची भुकटीची खरेदी आटली होती, रशियाने युरोपीय मालावर बंदी घातली होती आणि मार्च 2015 अखेर युरोपातला दूध कोटा उठला होता. जवळपास सगळे दूध निर्यात करणाऱ्या आणि 1984 पासून शेतीची अनुदाने काढून टाकलेल्या देशाला हा मार चुकवता येणार नव्हता. तो आपल्यालाही चुकत नाही. जुलै 2018 मध्ये महाराष्ट्रात दूध आंदोलन पेटले, त्यामागे भुकटीचे पडलेले भाव हे मोठे कारण होते.

शिवारफेरीत सगळेच दिसत नाही आणि त्याला ऋतूही कारण असतो. तिथल्या गाई जुलै ते सप्टेंबरमध्ये एकदमच वितात, म्हणजे गवत जोमात असताना दूधही भरात येते. कळपात ठेवायच्या कालवडी निवडल्या की उरलेली वासरे, त्यात बहुतेक गोऱ्हे, काही दिवसांची असतानाच कत्तलखान्याकडे जातात. ऑक्टोबरात आलेल्या पाहुण्याला कुरणात फक्त दुभत्या गाई दिसणार. अधिवेशन संपल्यावर दीडेक महिन्यात, नोव्हेंबरअखेर, तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने या वासरांच्या हालाचे छुपे चित्रीकरण दाखवले. देश हादरला आणि पुढच्याच वर्षी वासरांच्या हाताळणीचे नियम कडक झाले. चित्रीकरण प्राणिहक्क कार्यकर्त्यांचे होते. शेतीचे बातमीदार त्याआधी कुठे होते, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

पाण्याचेही असेच. गाईच्या मुताचा नायट्रोजन एकाच जागी इतका पडतो की गवताला तो पेलत नाही; नायट्रेट होऊन तो जमिनीखालच्या पाण्यात उतरतो. हिरवेगार कुरण पाहून हे कळत नाही, त्यासाठी पाण्याचे अहवाल मागावे लागतात. आणि गवतावर पोसलेल्या दुधाचा डंका वाजवणारा हाच देश पामतेलाची पेंड मोठ्या प्रमाणात आयात करतो.

यजमानांनी काही लपवले, असा माझा आरोप नाही. पाहुण्याला घरातली चांगली खोली दाखवणे ही जगाची रीत आहे. पण बातमीदार पाहुणा होऊन राहिला तर त्याने वाचकाचा विश्वास वाया घालवला, असे माझे स्पष्ट मत आहे. गोऱ्ह्याचा प्रश्न आपल्याकडेही आहेच. मार्च 2015 मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली; तेव्हापासून संकरित गोऱ्ह्याचे करायचे काय, हे गोठ्यागोठ्यात विचारले जाते. कालवडच व्हावी अशा रेतमात्रा आता मिळू लागल्या आहेत, पण त्या महाग पडतात.

आपल्याकडूनही शेतकरी आणि पत्रकार परदेशी अभ्यासदौऱ्यांवर जातात. त्यांनी फिरत्या गोठ्याचे फोटो जरूर काढावेत. पण परत येण्याआधी शेतकऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: यंदा हातात किती पडले, बँकेचे किती देणे आहे, आणि नर वासराचे काय होते? उत्तरे मिळोत वा न मिळोत, लेखात तसे लिहावे.