‘जुन्या पद्धतीचं वाद्य चांगलं वाजतं’ : समजुतीतून संशोधन-प्रश्नाकडे

पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्या बऱ्याच जणांची अडचण सारखीच असते. विषय असतो, पण प्रश्न नसतो. ‘महाराष्ट्रातील पारंपरिक वाद्यनिर्मिती : एक अभ्यास’ हा विषय झाला. मुलाखतीत समितीनं "यात तुम्ही नक्की काय शोधणार?" असं विचारलं की गाडी अडते. पेट पास झाली तरी आराखडा तिथेच लटकतो.

म्हणून आज एकच वाक्य घेऊ आणि त्याची उलटतपासणी करू. वाक्य आहे, ‘जुन्या पद्धतीनं, हातानं बनवलेलं वाद्य चांगलं वाजतं.’ गिटारवाले हे म्हणतात, तंबोऱ्यावालेही म्हणतात. खरं आहे का? आणि हे तपासायचं कसं?

आधी गिटारचं उदाहरण

१९३०च्या दशकातल्या अमेरिकन गिटारींना आजही प्रचंड मागणी आहे. आजचे काही कारागीर मुद्दाम त्याच पद्धतीनं गिटार घडवतात. प्राण्यांच्या कातड्यापासून केलेला सरस वापरतात, वरच्या फळीच्या आतल्या पट्ट्या हातानं तासतात आणि जमलं तर जुन्याच जातीचं लाकूड शोधतात. मागच्या फळीसाठी आणि बाजूंसाठी ब्राझीलची शिसवी सर्वात नावाजलेली. ती मिळेनाशी होऊ लागली तेव्हा, १९६९ साली, मार्टिन या कंपनीनं भारतीय शिसवी वापरायला सुरुवात केली. १९९२पासून ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. भारतीय शिसवी म्हणजे आपलीच, सातपुड्यातही वाढणारी. लाकूड जितकं दुर्मिळ तितका त्याचा आवाज गोड, अशी समजूत पक्की झाली की त्याचा भार शेवटी जंगलावर येतो. म्हणजे प्रश्न फक्त हौसेचा राहत नाही.

इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ही समजूत तपासली. २०१८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी एकाच रचनेच्या सहा गिटारी बनवून घेतल्या. फरक फक्त मागच्या फळीच्या आणि बाजूंच्या लाकडात. एक ब्राझीलच्या शिसवीची, एक भारतीय शिसवीची, बाकीच्या महोगनी, मेपल, सापेले आणि अक्रोडाच्या. ५२ गिटारवादकांनी त्या वाजवून आवाजाला गुण दिले. हातातली गिटार कोणती हे दिसू नये म्हणून खोलीत अंधार आणि डोळ्यांवर वेल्डिंगचे चष्मे! गुणांमधला फरक अगदी थोडा निघाला. महागड्या लाकडानं बाजी मारली असं काही झालं नाही.

इथे थांबा. ‘म्हणजे लाकडानं काही फरक पडत नाही’ असं लिहायला हात शिवशिवतो. पण मांडणी परत बघा. प्रत्येक लाकडाची गिटार किती? एकच. एकाच झाडाच्या दोन फळ्यासुद्धा सारख्या नसतात. समजा सहातली एक गिटार सरस ठरली असती, तर ते श्रेय लाकडाच्या जातीचं की त्या एका नगाचं, हे सांगता आलं नसतं. वादक ५२ऐवजी ५०० घेतले तरी गिटारी सहाच राहतात. कानांची संख्या वाढवली म्हणून नगांची संख्या वाढत नाही. आराखडा लिहिताना ‘नमुना किती?’ या रकान्यात हीच गफलत सर्वात जास्त होते. तुमचा दावा ज्या गोष्टीबद्दल आहे, त्या गोष्टीचे नग मोजायचे. दावा लाकडाबद्दल असेल तर गिटारी मोजा, वादक नव्हे.

या निबंधातून घ्यायची ती सावध गोष्ट अशी : वादकाला लाकूड दिसत नसेल तर आवाजातला फरक, असलाच तर, छोटा आहे. इतकंच. पण इतकंही पुष्कळ आहे.

आता आपल्याकडे, मिरजेला

मिरजेत सतार आणि तंबोरा बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले कारागीर या कामाकडे वळले. फरीदसाहेब हे त्यातलं पहिलं मोठं नाव. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातला, दांडी आणि तबली बहुधा तून लाकडाची. वाळलेला भोपळा निवडण्यापासून तार चढेपर्यंत बहुतेक काम हातानं.

इथेही ‘जुना तंबोरा, जुना भोपळा’ याची महती ऐकायला मिळते. पण ती तपासायला गेलात तर गिटारवाल्यांचीच अडचण समोर उभी राहील. दोन भोपळे सारखे मिळणारच नाहीत. मग काय करायचं? असा भाग शोधायचा, जो त्याच वाद्यावर बदलता येतो आणि परत पहिल्यासारखा करता येतो.

तंबोऱ्यात असा भाग आहे. जवारी.

जवारी म्हणजे काय?

गिटारची तार ज्या पट्टीवर टेकते तिची कड अरुंद असते. तार एका ठरावीक जागी संपते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते आणि तिचा माथा अगदी हलका उताराचा, किंचित गोलसर घासलेला असतो. तार कंप पावताना त्या गोलाईला टेकते, सुटते, पुन्हा टेकते. शिवाय तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. धागा योग्य जागी आला की आवाज एकदम ‘उघडतो’. ती भरलेली, झणझणणारी आस येते. जरा पुढेमागे झाला की आवाज बसतो. घोडीचा माथा घासून हा आवाज आणणं म्हणजे जवारी काढणं. कारागीर ते कानानं करतो. थोडं घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं.

आता भौतिकशास्त्र. तार जिथे छेडाल, तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू येतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा एक जुना नियम आहे. त्याला यंग-हेल्महोल्ट्झ नियम म्हणतात. समजा तार १३० हर्ट्झला लावली आणि बरोबर मध्यावर छेडली. तर २६०, ५२० हे सम उपस्वर गायब व्हायला हवेत. १३०, ३९०, ६५० राहतील. गिटारवर साधारण असंच होतं.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. तंबोऱ्यात हा नियम मोडतो, असं त्यांनी त्यात दाखवलं. जे उपस्वर ऐकू यायला नकोत तेच जोरात ऐकू येतात. कारण घोडी तारेला नुसती धरून ठेवत नाही, प्रत्येक कंपनात तिच्याशी टकरा घेते आणि ऊर्जा वरच्या उपस्वरांत ढकलते. पुढे १९९१मध्ये फ्रेंच संशोधकांनी या घोडीमुळे तारेत कोणत्या लहरी निर्माण होतात याचा सविस्तर अभ्यास केला.

रामन यांनी ‘तंबोरा श्रेष्ठ आहे का?’ असं विचारलं नाही. ‘नियम म्हणतो हे ऐकू येऊ नये, मग ऐकू का येतं?’ असं विचारलं. विषय आणि प्रश्न यांच्यातला फरक नेमका हाच.

हे तुम्हाला करता येईल का?

येईल, आणि बुलढाण्यात बसून येईल. लागेल काय? एक तंबोरा, सुताचा धागा, आणि ध्वनीचा वर्णपट दाखवणारं मोफत अ‍ॅप असलेला मोबाईल.

१. तारेचा मध्य मोजून खूण करा.
२. धागा न लावता मध्यावर छेडा. दहा वेळा.
३. धागा लावून, जवारी उघडून, तिथेच दहा वेळा.
४. पुन्हा धागा काढून दहा वेळा. पहिली स्थिती परत येते का, हे बघण्यासाठी.
५. प्रत्येक वेळी सम उपस्वरांची पातळी नोंदवा.

दोन पथ्यं पाळा. बोटानं छेडताना जोर कमीजास्त होतो. त्याऐवजी तारेखालून तांब्याची बारीक तार घालून ती तुटेपर्यंत ओढली, तर प्रत्येक छेड जवळपास सारखी होते. आणि मोबाईल एकाच अंतरावर ठेवा, आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद करा. मोबाईलचा माइक खालचे स्वर नीट पकडत नाही, म्हणून १३०ची तुलना २६०शी करू नका. २६०ची तुलना दुसऱ्या स्थितीतल्या २६०शीच करा.

इथे वाद्य तेच, भोपळा तोच, तार तीच. बदलला तो फक्त धागा. गिटारच्या प्रयोगात जी तुलना सहा वाद्यं करूनही अपुरी राहिली, ती इथे दोन रुपयांच्या सुतानं जमते. एका तंबोऱ्यावरचा निष्कर्ष सगळ्या तंबोऱ्यांना लागू होत नाही, हे खरंच. पण मग ‘आणखी पाच तंबोऱ्यांवर हेच होतं का?’ हा पुढचा प्रश्न आपोआप हाताशी येतो. आराखडा असाच वाढतो.

भौतिकशास्त्र तुमचा विषय नसेल तरी वाट बंद नाही. आपल्या जिल्ह्यात गावोगावी सप्ताह होतात आणि सप्ताहात वीणा अखंड कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर असते. शेगावहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या पालखीतही ती असते. या वीणा कुठून येतात? बिघडल्या की कोण दुरुस्त करतो? तो हे कुणाकडून शिकला? समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी, कुठल्याही विभागात हे प्रश्न उभे राहू शकतात आणि त्यांची उत्तरं ग्रंथालयात नाहीत, गावात आहेत.

कारागीर हा ‘नमुना’ नाही

भौगोलिक मानांकन नावाचं रक्षण करतं. दुसऱ्या गावच्या वाद्याला ‘मिरजेचं’ म्हणून विकता येत नाही. पण घोडी किती घासायची आणि कुठे थांबायचं हे ज्या कानाला कळतं, तो कान कुठल्याही प्रमाणपत्रात मावत नाही. पुढची पिढी शिकली नाही तर ते ज्ञान त्या माणसाबरोबर जातं. तुमच्या नोंदी कदाचित त्याचा एकमेव लेखी पुरावा ठरतील.

म्हणून दोन टोकं टाळा. ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ म्हणून तपासणीच न करणं हे एक. ‘मोजता येत नाही म्हणजे अंधश्रद्धा’ हे दुसरं. कारागीर म्हणतो, "धागा केसभर सरकला की आवाज बसतो." हे वाक्य म्हणजे एक दावा आहे आणि तो मोजपट्टीनं तपासता येतो. तपासण्याआधी त्यांची परवानगी घ्या. जे सांगायचं नाही असं ते म्हणतील ते लिहू नका. आणि प्रबंधात श्रेय देताना ‘एका स्थानिक कारागिराच्या मते’ असं मोघम न लिहिता, त्यांची हरकत नसेल तर, नावानिशी द्या.

आता तुमच्या आराखड्याचं शीर्षक काढा. त्यात ‘एक अभ्यास’ असेल तर ते खोडा आणि त्या जागी असं एक वाक्य लिहा, ज्याचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं. उत्तर ‘नाही’ येण्याची शक्यताच नसेल, तर तो अजून विषयच आहे.