मृत्यूंची तुलना : तक्ता काय सांगतो आणि काय झाकतो

विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या शाळेच्या दहावीच्या विद्यार्थ्यांनी एक तक्ता तयार केला होता. एका बाजूला भूकंप, दरड, पूर, वीज यांत दगावलेल्यांचे बुटके स्तंभ आणि दुसऱ्या बाजूला रस्ते अपघात व सर्पदंश यांचे उंच स्तंभ. खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष लिहिला होता : ‘आपत्तीची भीती व्यर्थ, खरा धोका रोजचाच.’ तक्ता नेटका होता आणि आकडे विश्वसनीय अहवालांतून घेतलेले होते. प्रदर्शन पाहायला आलेल्या पालकांमध्ये किल्लारी परिसरातील एक आजोबा होते. तक्त्यापुढे ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “पोरांनो, आकडे खरेच असतील. पण आमची ती रात्र यात कुठं आहे?”

त्या दिवशी सायंकाळच्या वंदनेनंतर वसतिगृहात या प्रश्नावर चर्चा झाली आणि ती पुढे अनेक दिवस चालली. काही विद्यार्थी तक्त्याच्या बाजूने बोलले, काही आजोबांच्या. आम्हा शिक्षकांनाही त्या निमित्ताने बरेच वाचावे लागले. त्या चर्चेतून आम्हांला जे उमगले ते माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तक्त्याची बाजू

प्रथम तक्त्याला न्याय देऊ. केंद्र सरकारच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे दररोज सुमारे ४६०. त्याच वर्षी वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. सर्पदंशाविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख बळी गेल्याचा अंदाज दिला आहे. ही सरासरी वर्षाला ५८ हजार होते. त्यांतील बहुतेक खेड्यांतले आणि बरेचसे पावसाळ्यातले. यांपैकी किती बातम्या आपण वाचल्या? मृत्यू एकेकटा आला की तो गावाबाहेर जात नाही. आपत्तीतला मृत्यू देशभर पोहोचतो. म्हणून आपले मन दुर्मीळ धोक्याला मोठे आणि नित्याच्या धोक्याला लहान समजते.

या गैरसमजाची किंमतही मोजावी लागते. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यानंतर अनेकांनी विमानप्रवास टाळला आणि ते मोटारीने जाऊ लागले. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांनी हिशेब मांडला, तेव्हा पुढील वर्षभरात या बदलामुळे रस्त्यांवर सुमारे दीड हजार जास्तीचे बळी गेले असावेत असे दिसले. भीतीनेच ही माणसे अधिक धोक्याच्या वाटेवर नेली. तेव्हा तुलनेचा तक्ता काढणे हे गैर नाही. हेल्मेट, रात्री हातात बॅटरी, सर्पदंश होताच मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठणे, हे शहाणपण अशाच आकड्यांतून येते.

कोणाला कशाने भागले?

मग आजोबांचा प्रश्न चुकीचा होता का? नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनानंतर गाव झोपेत असताना, लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे जिल्हे हादरले. सुमारे आठ हजार माणसे गेली, काही अंदाजांनुसार याहूनही अधिक. आजच्या देशभरच्या रस्त्यांवरील बळींशी ताडले तर हा आकडा अवघ्या सतरा-अठरा दिवसांचा. पण रस्त्यावरचे बळी सगळ्या देशात विखुरलेले असतात. किल्लारीचे बळी काही तालुक्यांत, एका पहाटेत एकवटलेले होते.

आकड्याखाली छेद कोणता घ्यायचा, हा तुलनेतला पहिला आणि सर्वांत मोठा निर्णय असतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेर ही बातमी कळली. सुमारे दीडशे माणसे दगावली. देशाच्या लोकसंख्येने भागले तर हे प्रमाण कोटीमागे जेमतेम एक. डोंगरउतारावरील त्या आदिवासी वस्तीने भागले तर मात्र चाळीसहून अधिक घरे माणसांसह नाहीशी झालेली. दोन्ही भागाकार गणिताच्या दृष्टीने बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. देशातील कोणाही एकाला किती धोका, हा पहिला प्रश्न. उताराखाली राहणाऱ्याला किती धोका, हा दुसरा. तक्ता बहुधा पहिल्याचे उत्तर देतो आणि वाचणारा ते दुसऱ्याचे समजतो.

कोणत्या वर्षांपासून मोजायचे?

दुसरा निर्णय कालखंडाचा. रस्ते अपघातांचा आकडा वर्षागणिक थोडाफार हलतो, त्यामुळे त्याची पाच वर्षांची सरासरी पुष्कळ काही सांगते. भूकंपाचे तसे नाही. महाराष्ट्रात १९६७ साली कोयनेचा भूकंप झाला आणि त्यानंतरचा मोठा विनाश १९९३ साली आला. कोणी १९६८ ते १९९२ या पंचवीस वर्षांचा तक्ता काढला असता, तर भूकंपाचा स्तंभ जमिनीला टेकलेला दिसला असता. १९९३ पूर्वीच्या नकाशात किल्लारीचा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच दाखवला जाई. जड दगडमातीच्या भिंतींखाली झोपणाऱ्यांना त्या नकाशाने निश्चिंत केले.

याउलट, कधीकधी स्तंभ लहान असतो तो धोका लहान म्हणून नव्हे, तर कोणी तरी कष्ट घेतले म्हणून. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ साली ‘फायलिन’ हे तीव्र वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा लाखो लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवले होते आणि मृतांची संख्या शंभरीच्याही आत राहिली. हा बुटका स्तंभ पाहून कोणी ‘वादळाची तयारी हा वायफळ खर्च’ असे म्हणू लागला, तर तो औषधाने बरा झालेल्या रुग्णाला ‘औषधाची गरजच नव्हती’ असे सांगतो आहे.

मृत्यू कोणता मोजला?

तिसरा प्रश्न मोजणीचाच. भोपाळमध्ये १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या रात्री विषारी वायू पसरला. तात्काळ मृतांचा सरकारी आकडा आरंभी २,२५९ होता. पुढे राज्य शासनाने ३,७८७ मृत्यू मान्य केले. नंतरच्या वर्षांत फुप्फुसांच्या व इतर विकारांनी गेलेल्यांना धरून केलेले अंदाज याच्या कित्येक पट आहेत. यांपैकी कोणता आकडा तक्त्यात घालावा? २०१७ साली पोर्तो रिको बेटावर ‘मारिया’ वादळ आले. अधिकृत मृत्युसंख्या कित्येक महिने ६४ होती. वीज नाही, औषध नाही, दवाखान्याची वाट बंद अशा स्थितीत नंतर गेलेल्यांचा हिशेब झाला, तेव्हा २०१८ मध्ये तोच आकडा २,९७५ झाला. अपघातात मृत्यूचे कारण बहुधा लगेच कळते. आपत्तीत ते महिनोन्‌महिने पसरते आणि नोंदवहीच्या बाहेर राहते. अशा दोन आकड्यांना एकाच रेषेवर उभे केले की आपत्तीवर अन्याय होतो.

या बाबतीत अणुऊर्जेचा इतिहास बोलका आहे. १९७५ साली अमेरिकेत प्राध्यापक नॉर्मन रासमुसेन यांच्या नेतृत्वाखाली अणुभट्ट्यांच्या सुरक्षिततेचा एक मोठा अहवाल तयार झाला. अभ्यास गंभीर होता. परंतु त्याच्या सारांशातील आलेखात शंभर अणुवीजकेंद्रांचा धोका उल्कापाताच्या धोक्याइतका अल्प दाखवला होता. त्या आलेखात लवकर होणारे मृत्यू होते, कित्येक वर्षांनी कर्करोगाने होणारे नव्हते, आणि अंदाजातील अनिश्चितताही वाचकाला नीट कळत नव्हती. तज्ज्ञांच्या समितीने दोष दाखवल्यावर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने जानेवारी १९७९ मध्ये त्या सारांशाचे समर्थन काढून घेतले. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, थ्री माइल आयलंड येथील दुर्घटना घडली. त्यात तात्काळ कोणी दगावले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आयोगाचा निर्णय योग्य ठरायला दुर्घटनेची गरज नव्हती. आलेख अपुरा होता, एवढे कारण पुरेसे होते.

धोका कोणी पत्करला, कोणावर लादला?

चौथा प्रश्न आमच्या समाजाला सर्वांत जवळचा आहे. चौन्सी स्टार या अमेरिकन अभियंत्याने १९६९ साली असे मांडले की, माणसे स्वेच्छेने पत्करलेला धोका लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट सहन करतात. हजार हा आकडा वादाचा असेल, पण अनुभव खरा आहे. गड चढणारा तरुण पाय घसरण्याची जोखीम स्वतः निवडतो. भोपाळच्या वस्तीतील बाईने कारखाना निवडला नव्हता. दोघांचे मृत्यू तक्त्यात सारखेच एकेक दिसतात.

गटाराच्या वा मैलाटाकीच्या सफाईत गुदमरून मरणाऱ्यांचा विचार करा. देशाच्या लोकसंख्येने भागले तर त्यांचा स्तंभ डोळ्यांना दिसणारही नाही. म्हणून तो धोका क्षुल्लक आहे काय? या कामासाठी माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या माथी मारले गेले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. सरासरी सर्वांना समान वाटून टाकते, म्हणून ती विषमता झाकते. ज्या तक्त्यात धोका कोणाच्या वाट्याला आला हे दिसत नाही, तो तक्ता चुकीचा नसला तरी अपुरा असतो.

वाचताना विचारायचे प्रश्न

किसा गौतमीची कथा आमच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. ज्या घरात कधीच कोणी मेले नाही, तेथून मोहरी आणायला भगवान बुद्धांनी तिला सांगितले. घरोघर फिरताना तिला समजले की मृत्यू सर्वत्र आहे. एका परीने तो तुलनेचाच धडा होता. पण बुद्धांनी तिला ‘तुझे दुःख किरकोळ’ असे सांगितले नाही. इतरांच्या दुःखाशी तिचे नाते जोडून दिले. तुलना दुःखाला लहान करण्यासाठी वापरायची की ते समजून घेण्यासाठी, यावर तिची योग्यता ठरते. आणि ऐकीव वा लिखित असले म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही कालामांना दिलेली शिकवण छापील आलेखालाही लागू आहे.

म्हणून असा तक्ता समोर आला की पाच गोष्टी विचाराव्यात : कोणाच्या संख्येने भागले? कोणती वर्षे घेतली? कोणते मृत्यू मोजले आणि कोणते सुटले? धोका निवडलेला होता की लादलेला? आणि तुलना करणारा आपल्याला सावध करू पाहतो आहे की गप्प?

त्या विद्यार्थ्यांनी तक्ता फाडला नाही, दुरुस्त केला. स्तंभ तेच राहिले, पण प्रत्येकाखाली छेद, कालखंड आणि मोजणीची पद्धत लिहिली गेली. शेजारी किल्लारी आणि माळीण यांचा स्वतंत्र तक्ता आला, त्यांतील भागाकार तेथील गावांच्या लोकसंख्येने केलेला. जुना निष्कर्ष खोडून मुलांनी नवा लिहिला : ‘रोजच्या धोक्यापासून सावध राहा, आपत्तीची तयारी ठेवा, आणि ज्यांच्या वाट्याला धोका अधिक, त्यांचा विचार आधी करा.’ तो तक्ता आता आमच्या ग्रंथालयात लावलेला आहे. शाळेत येणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आणि पालकाने तो जरूर पाहावा, आणि त्यात काही सुटले असेल तर मुलांना सांगावे.