मागे बसणारीलाही डोके असते

दिवाळी आटोपली, धान कापणीला आले आणि सकाळच्या हवेत गारवा जाणवू लागला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात फिरायचे दिवस सुरू होतात. रविवारची सुटी, पेट्रोल भरलेली मोटारसायकल आणि पिशवीत भाजी-पोळीचा डबा, एवढे असले की नवरा-बायकोला पुरते. कोणी मूलजवळच्या सोमनाथला जातात, कोणी नागभीडकडे घोडाझरीच्या तलावावर, तर कोणी वैनगंगा ओलांडून मार्कंड्याला. दोन्ही बाजूंना सागाचे जंगल आणि मधून जाणारा रस्ता. आठवडाभर घर आणि नोकरी यांत अडकलेल्या जोडप्याला एकमेकांशी निवांत बोलायला याहून चांगली जागा नाही. मनाच्या आरोग्यासाठी अशी सहल उत्तमच. तेव्हा जाऊ नका असे सांगण्यासाठी हा लेख नाही.

परंतु निघतानाचे दृश्य आठवून पाहा. तो गाडी सुरू करतो आणि मान न वळवताच विचारतो, "बसली का?" ती म्हणते, "चला." झाली तयारी! त्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे, दोन्ही हात हॅंडलवर आहेत, पाय दोन्ही बाजूंना आहेत. ती मात्र एका अंगाने बसली आहे. एक हात त्याच्या खांद्यावर, दुसरा मांडीवरच्या पिशवीवर, पदर वाऱ्यावर आणि डोके उघडे. रस्ता दोघांचा एकच, खड्डा एकच, पडण्याची उंचीही जवळजवळ तेवढीच. मग सुरक्षितता एकट्याचीच का? आजचा लेख मागच्या सीटवर बसणाऱ्या तिच्यासाठी आहे आणि तिला घेऊन जाणाऱ्या त्याच्यासाठीही.

तोल कसा जातो?

चालवणाऱ्याला पुढचा खड्डा दिसतो. ब्रेक केव्हा लागणार, वेग केव्हा वाढणार हे त्याला आधीच ठाऊक असते, त्यामुळे त्याचे शरीर नकळत सावध होते. मागे बसणारीला यातले काहीच कळत नाही. गतिरोधकावरून गाडी उडाली की तिला थेट धक्काच बसतो.

त्यात एका अंगाने बसले की आधार आणखी कमी होतो. पाय टेकायला लहानशी पायटी, पकडायला एक हात, आणि गुडघ्यांनी सीट धरून ठेवण्याची सोय मुळीच नाही. आपल्याकडे बायका पाय डावीकडे सोडून बसतात. म्हणजे त्यांची पाठ रस्त्याच्या मधल्या बाजूला असते. पाठीवर तोल गेला तर डोके आपटते ते नेमके मागून येणाऱ्या वाहनांच्या मार्गात.

"आम्ही हळूच चालवतो," असे अनेक जण सांगतात. एक साधा हिशेब पाहा. सीटवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. उभ्या गाडीवरूनही कोणी डोक्यावर पडले, तर ते डोके जमिनीवर ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने आदळते. गाडीचा वेग त्यात धरलेलाच नाही.

"काही नाही झालं" हे चार तास खरे असू शकते

पडल्यानंतर आपल्या बायका पहिली गोष्ट करतात ती साडी सावरण्याची. लोक जमतात, लाज वाटते. "काही नाही झालं, चला," असे म्हणून ती पुन्हा गाडीवर बसते. घरी येऊन स्वयंपाकही करते. डोके थोडे ठणकते म्हणून गोळी घेऊन लवकर झोपते. घरचे म्हणतात, दमली असेल, झोपू द्या. धोका इथेच असतो.

कानशिलाचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रोहिणी जाते. हाडाला तडा गेला की ही रोहिणी फाटू शकते. मग कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. सुरुवातीला ते थोडे असते, त्यामुळे माणूस चालतो, बोलतो, हसतोही. काही मिनिटांनी किंवा काही तासांनी साचलेले रक्त मेंदूला दाबू लागते. कवटी काही फुग्यासारखी ताणत नाही, त्यामुळे दबतो तो मेंदू. ज्याला आपण गाढ झोप समजतो ती पुष्कळदा बेशुद्धीची सुरुवात असते. वेळेत शस्त्रक्रिया होऊन रक्त काढले तर असे रुग्ण पूर्ण बरे होतात. वेळ गेली तर हातात काही राहत नाही.

म्हणून डोक्याला मार लागल्यानंतर पुढील खुणांकडे लक्ष ठेवा: वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, वारंवार तेच ते विचारणे किंवा असंबद्ध बोलणे, झोपेतून नीट जागे न होणे, एका हातापायातली शक्ती कमी होणे, झटके, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव येणे. यांपैकी एक खूण दिसली तरी सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे. पडल्यावर क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल किंवा पडल्याची आठवणच नसेल, तर खुणांची वाट न पाहता दाखवून यावे. पहिले २४ तास रुग्णाला एकटे सोडू नये आणि मनाने ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्याने रक्तस्राव वाढतो.

हेल्मेट काय करते?

हेल्मेटचे बाहेरचे कवच कडक असते, पण खरे काम आतला थर्माकोलसारखा थर करतो. आपटल्यावर तो स्वतः चेपतो आणि धक्का थोडा वेळ घेऊन, थोडा पसरून डोक्यापर्यंत पोचतो.

याचा अभ्यास कसा सुरू झाला ती हकीकत बोधप्रद आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदू-शल्यविशारद होते. पुढे त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व मांडले. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. त्यानंतर जगभर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की, हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

आपला मोटार वाहन कायदाही या बाबतीत भेदभाव करीत नाही. त्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट चालवणाऱ्याला जसे सक्तीचे आहे तसेच मागे बसणाऱ्यालाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते न घातल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द ठेवण्याची तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीने घेतलेले हेल्मेट बहुधा कोपरात अडकवलेले दिसते. कोपरातले हेल्मेट फार तर कोपर वाचवील!

"अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही," ही भगिनींची तक्रार खरी आहे. उंच अंबाड्याऐवजी त्या दिवशी मानेजवळ सैल वेणी घाला. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, आपल्या मापाचे असावे. डोके हलवले तर ते वेगळे हलता कामा नये. हनुवटीखालचा पट्टा लावलाच पाहिजे. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना आपल्याआधी उडून जाते. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.

पदर, ओढणी आणि चाक

प्रख्यात नर्तिका इसाडोरा डंकन १९२७ साली फ्रान्समधील नीस शहरात मोटारीतून जात होत्या. त्यांच्या गळ्यातला लांब रुमाल चाकात अडकला आणि काही क्षणांत त्यांचा मृत्यू झाला. आपल्याकडे ओढणी चाकात गुंतून गळ्याला व मानेच्या मणक्याला झालेल्या इजांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. फिरणारे चाक कापड सोडत नाही, ते गुंडाळतच जाते.

यासाठीच केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमात मोटारसायकल बनवतानाच तीन गोष्टी सांगितल्या आहेत: मागे बसणाऱ्यासाठी पकडायची मूठ, पाय ठेवायची पायटी आणि मागचे निदान अर्धे चाक झाकणारे संरक्षण, ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो. गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून कित्येक तरुण तेच काढून टाकतात. लग्नानंतर तरी ते परत बसवून घ्या.

पदर कमरेला घट्ट खोचावा. ओढणी गळ्याभोवती न घेता तिची टोके कमरेला बांधावीत. शक्य तर लांबच्या प्रवासाला सलवार-कुर्ता घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे. यात लाजण्यासारखे काही नाही. काष्टा घालून धानाच्या बांधीत दिवसभर रोवणी करणाऱ्या आपल्या आजीला सोयीचा पोशाख म्हणजे काय हे चांगले समजत होते. आणि कापड अडकलेच, तर ओढू नका. आधी गाडी बंद करा, मग कापड कापा.

परतीची वेळ

सकाळी सावध असलेला माणूस परतताना थकलेला असतो आणि रस्ताही तोवर बदललेला असतो. तिन्हीसांजेला रानडुक्कर, रोही, चितळ रस्ता ओलांडतात. धानाने भरलेल्या ट्रॉल्यांना पुष्कळदा मागे दिवा नसतो. आलापल्ली-आष्टीच्या बाजूला लोहखनिजाच्या ट्रकांची वर्दळ असते. ताशी ६० किलोमीटर वेगात दिसल्यापासून थांबेपर्यंत चांगल्या रस्त्यावरही सुमारे ४० मीटर लागतात. गाडीच्या खालच्या दिव्यात साधारण तेवढेच दिसते. म्हणजे समोरचे जनावर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून सूर्य मावळण्यापूर्वी गाव गाठता येईल अशा हिशेबाने निघा. मार्कंड्याचे दर्शन अर्धा तास कमी झाले तरी देव रागावणार नाही.

अपघात झालाच तर

जखमीला ओढून उभे करू नका. मान हलू न देता डोके दोन्ही हातांनी स्थिर धरा. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, तोंडात पाणी ओतणे, मान चोळणे हे प्रकार कटाक्षाने टाळा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. हेल्मेट असेल आणि श्वास नीट चालू असेल, तर ते ओढून काढू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. जंगलात काही ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, अशा वेळी पहिल्या येणाऱ्या वाहनाला थांबवून निरोप पाठवा. जखमीला दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवर नेऊ नका. मदत करणाऱ्यांनीही घाबरू नये. कलम १३४-अ नुसार त्यांना आपले नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

पुढच्या रविवारी

निघण्यापूर्वी पाच मिनिटे काढा. दोन हेल्मेट, साडीगार्ड, मागच्या चाकात दोघांच्या वजनाला योग्य तेवढी हवा, आणि पिशवी तिच्या हातात न देता गाडीला बांधलेली, एवढे पाहा. गतिरोधक आला की त्याने तोंडाने सांगावे. "जरा हळू," असे ती म्हणाली तर ती कटकट समजू नये, कारण मागचा धक्का तिलाच कळतो.

आणि गाडी सुरू करताना नुसते "बसली का?" एवढेच विचारू नका. मान वळवून एकदा तिच्याकडे पाहा आणि विचारा, "पट्टा लावला का?" ती "हो" म्हणाली की मग खुशाल निघा.