नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

मराठवाड्यात काही गोष्टी येतात आणि जातात. लाईट जाते, नळाला पाणी येते, पाऊस येतो आणि मध्येच दडी मारतो. गेल्या पंधरावीस वर्षांत या यादीत 'नेट'ही येऊन बसले. मात्र एक फरक आहे. लाईट गेली की कोणीतरी डीपीकडे बघून येतो. पाणी आले नाही की टाकी कोणती, व्हॉल्व्ह कुठे, सोडणारा कोण, हे गल्लीतल्या पोरालाही सांगता येते. नेट गेले की मात्र सेतू केंद्रापासून बँकेपर्यंत एकच उत्तर मिळते : 'सर्व्हर डाऊन आहे.' हे उत्तर कधी खरे असते, पुष्कळदा नसते, आणि ते तपासून पाहण्याचे साधन ऐकणाऱ्याकडे नसते.

हे अज्ञान आता परवडणारे नाही. लातूर आणि नांदेड या दोन शहरांत खेड्यापाड्यांतून हजारो मुले 'नीट' आणि सीईटीच्या तयारीसाठी येतात. त्यांचा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, महाविद्यालयांचा पसंतीक्रम, सारे मुदतीच्या आत या जाळ्यातूनच जावे लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या वावरात उभे राहून सोयाबीनचा, तुरीचा फोटो मोबाइलवरून पाठवायचा. तो पोचला नाही तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद होत नाही, आणि नोंद नसेल तर हमीभावाच्या खरेदीपासून नुकसानभरपाईपर्यंत प्रत्येक खिडकीवर अडचण होते. तेव्हा हे जाळे कसे चालते, हा आता केवळ अभियंत्यांचा विषय राहिलेला नाही.

तीन रुळांचा प्रदेश

इंटरनेट म्हणजे काय, हे समजून घ्यायला आपल्या भागाच्या रेल्वेइतके चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास मनमाड-नांदेड-सिकंदराबाद असा लोहमार्ग झाला, तो मीटरगेज. लातूरला रेल्वे आली १९११ मध्ये. ती एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे. तिचे रूळ अवघे अडीच फूट रुंदीचे. मुंबई-सोलापूर मार्ग मात्र साडेपाच फुटी ब्रॉडगेज. म्हणजे लातूरचे पोते मुंबईला जायचे तर कुर्डुवाडीला उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावे लागे, आणि नांदेडचे पोते मनमाडला. रूळ वेगळे, डबे वेगळे, कंपन्या वेगळ्या. तरीही माल पोचत असे, कारण पोते तेच राही आणि त्यावरचा पत्ताही तोच राही. बदलत असे फक्त वाघीण.

१९७० च्या दशकात संगणकशास्त्रज्ञांपुढे नेमका हाच पेच होता. अमेरिकेत 'अर्पानेट' हे जाळे १९६९ मध्ये सुरू झाले होते. मग रेडिओवर चालणारे जाळे आले, उपग्रहावर चालणारे आले. प्रत्येकाचे 'रूळ' निराळे. सगळी जाळी मोडून एकाच मापाची करणे अशक्य होते. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये तोडगा मांडला : जाळी जशी आहेत तशी राहू द्या, पोत्याचे माप आणि पत्ता लिहिण्याची पद्धत तेवढी सर्वांनी एक ठेवा, दोन जाळी जिथे मिळतात तिथे माल उतरवून चढवणारे यंत्र बसवा. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने ही पद्धत स्वीकारली. पत्त्याच्या या नियमावलीला आयपी म्हणतात, पोत्याला पॅकेट, आणि कुर्डुवाडीचे काम करणाऱ्या यंत्राला राउटर.

आज वावरातून निघालेले पॅकेट टॉवरपर्यंत रेडिओलहरींच्या वाघिणीतून जाते, तिथून पुढे काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने धावते, आणि एखाद्या कार्यालयात शेवटच्या दहा फुटांसाठी वायफायवर चढते. प्रत्येक टप्प्यावर वाहन बदलते. आतले पॅकेट तेच राहते. प्रत्येक राउटरला सबंध मार्ग ठाऊक नसतो. या पत्त्यासाठी पुढचे स्टेशन कोणते, एवढेच त्याच्या तक्त्यात असते.

पूर्ण लाइन की सुटी पोती?

टेलिफोनचे जुने तत्त्व याच्या उलट होते. नांदेडहून पुण्याला ट्रंककॉल लागला की दोघांच्या मध्ये एक वाहिनी आरक्षित होई. दोघे गप्प बसले तरी ती अडलेलीच. दोन शहरांत जितक्या वाहिन्या, तितकीच संभाषणे. म्हणून सणाच्या किंवा संकटाच्या दिवशी, म्हणजे नेमकी गरज असताना, 'या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत' ही टेप ऐकू येई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे नेली. आपल्या माणसाची खबर मिळणे म्हणजे काय, हे लातूर-उस्मानाबादच्या पिढीला वेगळे सांगायला नको.

पॅकेटच्या पद्धतीत कोणासाठी मार्ग अडवून ठेवला जात नाही. मोबाइलमधला तीन एमबीचा फोटो सुमारे दोन हजार तुकड्यांत विभागला जातो. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक. हे तुकडे इतरांच्या तुकड्यांत मिसळून, जागा मिळेल तसे जातात. गर्दी झाली तर वेग मंदावतो, पण बहुतेक वेळा दार पूर्ण बंद होत नाही. जाळ्याला अनेक वाटा ठेवाव्यात, म्हणजे एक तुटली तरी संदेश दुसरीने जाईल, हा विचार पॉल बॅरन या अभियंत्याने १९६४ मध्येच सविस्तर मांडला होता.

वाटेत पॅकेट हरवले तर? इथे पोत्याची उपमा थांबते. हरवलेले पोते गेले ते गेले. पण पॅकेटची प्रत पाठवणाऱ्याकडे असते. घेणारा मिळालेल्या तुकड्यांची पोच कळवतो. ठरावीक वेळेत पोच आली नाही की तुकडा पुन्हा रवाना होतो. या व्यवहाराला टीसीपी म्हणतात. म्हणून अर्ज, फोटो, पैसे हे एक तर पूर्ण पोचतात, नाही तर पोचले नाहीत हे कळते. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र हरवलेल्या शब्दाची वाट पाहण्यात अर्थ नसतो, म्हणून तिथे पुष्कळदा पोचेची वाट न पाहता पुढे जाणारी पद्धत वापरतात. पुण्यातल्या मुलाचा आवाज तुटतो, चेहरा थिजतो, तरी बोलणे चालू राहते ते यामुळेच.

पत्त्यांचीही एक गंमत आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात, आणि जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर गेली आहे. म्हणून लातूरच्या वसतिगृहातली मुले पूर्वी 'मार्फत' लिहून एकाच पत्त्यावर पत्रे मागवत, तसे शेकडो फोन एका पत्त्यामागे राहतात. नव्या पद्धतीचे पत्ते जवळजवळ अमर्याद आहेत आणि भारतातील मोबाइल जाळ्यांवर ते मोठ्या प्रमाणात वापरात आले आहेत. आपल्याला हे आकडे पाठ करावे लागत नाहीत, कारण नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ मध्ये तयार झाली. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो. फोन आधी या व्यवस्थेला आकडी पत्ता विचारतो आणि मगच पहिले पॅकेट निघते.

कुठे तुटते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'नेट गेलं' या दोन शब्दांत किमान चार वेगवेगळे बिघाड दडलेले असतात.

पहिला, फोन आणि टॉवर यांच्यामधला. वावरात रेंजच्या दोन-तीन कांड्या दिसतात आणि फोटो मात्र जात नाही, ही तक्रार सार्वत्रिक आहे. कांड्या दाखवतात ती टॉवरची फोनपर्यंत आलेली ताकद. टॉवर कित्येक वॅटने बोलतो. फोन बोलतो तो एक वॅटच्या पाचव्या हिश्शाने. टॉवरची हाक आपल्याला ऐकू येते, आपली त्याला येत नाही. म्हणूनच चित्रफीत बघता येते, पण फोटो चढवता येत नाही. किनवट-माहूरच्या डोंगरात तर टेकडीच आडवी येते. अशा वेळी बांधावर तासभर प्रयत्न करण्यापेक्षा उंचवट्यावर किंवा टॉवर उघडा दिसेल अशा जागी जाणे शहाणपणाचे.

दुसरा बिघाड रस्त्यातला. टॉवर हवेतून बोलत असला, तरी त्याच्यामागे बहुधा जमिनीतली काचेची तार असते. रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने ती तोडली की टॉवर उभा, कांड्या भरलेल्या आणि एकही पान उघडत नाही. बराच वेळ लाईट नसेल आणि टॉवरची बॅटरी संपली, तर कांड्याच जातात. तिसरा बिघाड नावाचा : पत्ता सांगणारी व्यवस्था उत्तर देत नाही. अशा वेळी एखादे ॲप चालू असते, पण नाव टाकून कोणतेही पान उघडत नाही. चौथा बिघाड खरोखर सर्व्हरचा. निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता लाखो मुले एकाच दारावर येतात. तेव्हा बाकी सगळी संकेतस्थळे उघडतात आणि तेवढे एकच उघडत नाही. ही शेवटची खूण ओळखता आली, तर केंद्रावरच्या 'सर्व्हर डाऊन'ची शहानिशा अर्ध्या मिनिटात करता येते.

वळसा आणि एकेरी वाट

नांदेडहून लातूरला एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर अशी जाते. रेल्वेने जावे तर परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा पडतो. पॅकेटचा वळसा याहून मोठा असू शकतो. नांदेडचा फोन एका कंपनीचा आणि लातूरचा दुसऱ्या कंपनीचा असेल, तर दोन कंपन्यांची जाळी जिथे मिळतात त्या मुंबईसारख्या शहरापर्यंत ते जाऊन येऊ शकते. देशातला संदेश देशातच बदलला जावा यासाठी २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली, पण असे बदलनाके मोठ्या शहरांतच एकवटलेले आहेत. वेळेचा तोटा नगण्य आहे : काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे बाराशे किलोमीटरच्या फेरीला सेकंदाचे सहा हजारांश लागतात. तोटा आहे तो अवलंबून राहण्याचा. वाट जितकी लांब, तितक्या तुटण्याच्या जागा अधिक. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तच्या किनाऱ्याजवळ समुद्रातल्या तारा तुटल्या, तेव्हा भारतातले नेट मंदावले होते.

आणि खेड्याचे काय? ग्रामपंचायती तंतूने जोडण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिलाच भारतनेट नाव मिळाले. पहिल्या आराखड्यात तार बहुधा तालुक्यापासून निघून एकामागून एक गावे घेत जाई. समजा अशा तारेवर पाच गावे आहेत आणि दुसऱ्या गावापुढे नांगरट खोल गेली, तर उरलेली तिन्ही गावे अंधारात. हीच तार पुढे नेऊन तालुक्याला परत जोडली, म्हणजे तिचे कडे केले, तर एका ठिकाणी तुटूनही पाचही गावे दुसऱ्या बाजूने जोडलेली राहतात. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये अशा कड्याचा स्वीकार झाला आहे. बॅरनने साठ वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट ती हीच.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडीमार्गे १२ तारखेला पहाटे लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या मार्गाने ती आली तो एकेकाळी बार्शी लाइटचा अडीच फुटी मार्ग होता. तोवर तो ब्रॉडगेज झाला होता, म्हणून पाणी कुठेही उतरवावे लागले नाही. संकटाच्या दिवशी उपयोगी पडली ती आधीच्या दशकात कोणीतरी जोडून ठेवलेली वाट.

संपर्काचेही तसेच आहे. वेग किती, डेटा किती जीबी, हे आपण विचारतो. ग्रामसभेत विचारण्याजोगा प्रश्न याहून साधा आहे : आपल्या गावाला तार एका बाजूने आली आहे की दोन बाजूंनी? उत्तर 'एका' असेल, तर पुढच्या वेळी नेट का गेले हे शोधत बसायची गरज नाही. ते जाणारच होते.