फौजेतले दोन जिने

अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा सैन्यात भरती झाला आणि शिपाईच राहिला, तर पस्तिशीच्या आसपास पेन्शन घेऊन घरी येतो. त्याच भरतीतला, बराकीत शेजारच्या खाटेवर झोपणारा त्याचा सोबती नायक झाला, तर त्याची सेवा २२ ते २४ वर्षांपर्यंत जाते. हवालदाराला २४ ते २६, नायब सुभेदाराला २६ ते २८, सुभेदाराला २८ ते ३० आणि सुभेदार मेजरला ३२ ते ३४ वर्षं मिळतात. अग्निपथ योजना येण्याआधी भरती झालेल्या जवानांचा हा हिशेब. तहसील कचेरीतला कारकून बढती हुकली तरी निवृत्तीच्या वयापर्यंत खुर्चीवर असतो. फौजेत बढती हुकली की नोकरीच संपते. मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत आणि बाप पेन्शनवर घरी, अशी कितीतरी घरं साताऱ्यात, कोल्हापुरात, नगर जिल्ह्यात आहेत. मग तो बाप शहरात जातो आणि एखाद्या बँकेच्या नाहीतर सोसायटीच्या दारात पुन्हा गणवेश चढवून उभा राहतो.

म्हणून हुद्दा हा नुसता बाहीवरच्या फितींचा आणि खांद्यावरच्या ताऱ्यांचा विषय आहे, असं मला वाटत नाही. घर किती वर्षं चालणार, हे हुद्द्यावर ठरतं.

आणि नायकी आपोआप मिळत नाही. आधी जागा रिकामी व्हावी लागते. पायदळात ती बहुतेक वेळा आपल्याच पलटणीत व्हावी लागते, तर सिग्नल्स किंवा यंत्रदुरुस्ती सांभाळणाऱ्या ईएमईसारख्या कोअरमध्ये रेकॉर्ड ऑफिसच्या ज्येष्ठता यादीवर नंबर लागतो. त्यामुळे एकाच मैदानावर, एकाच दिवशी भरती झालेले दोन भाऊ वेगळ्या शाखांत गेले, तर एकाच्या बाहीवर हवालदाराच्या तीन फिती चढल्या तरी दुसरा अजून लान्स नायकाच्या एका फितीवर असू शकतो. जागा निघाली की प्रमोशन कॅडर पास व्हावा लागतो. त्यात नकाशावाचन, हत्यारं, कवायत, दहा माणसांची सेक्शन हाताळणं हे सगळं येतं. शिवाय शिक्षणाची अट, वर्षावर्षाचे गोपनीय अहवाल, शिक्षेची नोंद नसलेलं सेवापुस्तक आणि शेप-वन ही वैद्यकीय श्रेणी. गुडघा दुखावला किंवा रक्तदाब वाढला की वाट अवघड होते. ज्यांना जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी ८, १६ आणि २४ वर्षांनी वरच्या वेतनश्रेणीची सोय आहे. जवान तिला एमएसीपी म्हणतात. पगार वाढतो, पण हुकूम देण्याचा अधिकार आणि सेवेची वाढीव मुदत प्रत्यक्ष हुद्द्याबरोबरच येते.

हवालदाराच्या वर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे तीन हुद्दे. रणगाडा दळात, जुन्या घोडदळाच्या परंपरेनं, सुभेदाराच्या जागी रिसालदार म्हणतात. हे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे जेसीओ. बाहीवरच्या फिती जाऊन खांद्यावर तारा येतो, आणि ताऱ्याखाली लाल-पिवळी पट्टी असते. निवास, मेस, मान, सगळं बदलतं. नुकताच अकादमीतून आलेला लेफ्टनंट हुद्द्यानं सुभेदाराच्या वर असतो, तरी तोही त्यांना ‘साहेब’ म्हणूनच हाक मारतो. सुमारे ८०० माणसांच्या पलटणीत सुभेदार मेजर एकच. कुणाच्या घरी अडचण आहे, कुठल्या कंपनीत कुरबुर आहे, हे कमांडिंग ऑफिसरला कळतं ते एसएम साहेबांकडून.

हा मधला थर ब्रिटिशांच्या किंवा अमेरिकेच्या सैन्यात नाही. तो आला ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातून. कंपनीच्या बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन वेगळ्या फौजा होत्या. गोऱ्या अधिकाऱ्यांना भाषा आणि माणसं कळत नसत, म्हणून मध्ये देशी सुभेदार आणि जमादार. बंगाल फौजेत बढती निव्वळ ज्येष्ठतेनं मिळे, त्यामुळे सुभेदारकी हाती येईतो माणूस म्हातारा झालेला असे. मुंबई फौजेत गुणांना जास्त वजन होतं. सिंधमधल्या घोडदळाचा सेनानी जॉन जेकब हा मुंबई फौजेतला. बंगालच्या या पद्धतीवर त्यानं १८५७ च्या आधीच कडाडून टीका केली होती. पण मुंबई फौजेतही कर्तबगार माणसाची धाव सुभेदार मेजरपर्यंतच. पुढे या हुद्द्यांना व्हाइसरॉयचं कमिशन म्हणत. किंग्ज कमिशन घेऊन विलायतेहून आलेला वीस वर्षांचा पोरगा तीस वर्षं नोकरी केलेल्या सुभेदाराच्या वर बसे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत लढाऊ शाखांत तो वरचा जिना भारतीयांना जवळपास बंदच होता.

काहींना तर खालचा जिनाही बंद झाला. महू इथल्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे डॉ. आंबेडकरांचे वडील. लष्करातल्या शिक्षणामुळे या घराला अक्षरओळख झाली होती. पण ‘लढाऊ जमाती’ ठरवण्याच्या धोरणात १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती थांबवण्यात आली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर १९२१ मध्ये मोडण्यात आली. महार रेजिमेंट स्थापन व्हायला १९४१ चा ऑक्टोबर उजाडला. स्वतंत्र भारताचे दोन लष्करप्रमुख, जनरल कृष्णा राव आणि जनरल सुंदरजी, याच रेजिमेंटमधले. ज्या फौजेनं या माणसांना नालायक ठरवलं, ती किती चुकीची होती, हे यापेक्षा स्पष्ट कसं व्हावं?

वरचा जिना बंद होता त्या काळातलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट कर्नल झाले. औषधी वनस्पतींवरच्या त्यांच्या ग्रंथामुळे वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना ओळखतात, आणि १९०९ च्या बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसची परीक्षा १८५५ पासून भारतीयांना खुली होती. म्हणजे बंदूक धरणाऱ्याला सुभेदारीवर थांबवणारी फौज डॉक्टरला मात्र लेफ्टनंट कर्नल करत होती. फौजेला ज्या हुन्नराची निकड असते, त्याला ती बाजूचं दार उघडते. ते आजही खरं आहे.

वरचा जिना उघडला तो हळूहळू. १९१९ मध्ये इंदूरच्या कॅडेट कॉलेजातून निघालेल्या तुकडीत पुढे लष्करप्रमुख झालेले करिअप्पा होते. १९२६ मध्ये सँडहर्स्टहून कमिशन मिळालेले कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात पुढे पूर्व विभागाचे प्रमुख झाले. १९२३ च्या योजनेत भारतीय अधिकाऱ्यांसाठी आठ पलटणी राखल्या, त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक होती. भारतीय अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरा अधिकारी यायला नको, हा त्यातला हेतू लपून राहिला नाही. त्या पलटणींत सुभेदार-जमादारांच्या जागा कमी करून प्लाटून भारतीय अधिकाऱ्यांकडे द्यायच्या ठरल्या. १९३२ मध्ये देहरादूनला अकादमी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर व्हाइसरॉय गेले, तरी त्यांच्या कमिशनचा थर जेसीओ या नावानं राहिला. १९६५ मध्ये जमादाराचं नायब सुभेदार झालं. पाकिस्तानी फौजेतही हाच थर आहे.

आज अधिकाऱ्यांचा जिना वेगळ्या नियमानं चालतो. लेफ्टनंट दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर आणि तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. परीक्षा आणि अहवाल नीट असले तर हे हुद्दे ठरल्या वेळी मिळतात. अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशींनंतर, २००४ च्या डिसेंबरपासून, ही वेळ बांधली गेली. त्याआधी माणसं मेजरवर वर्षानुवर्षं अडकून पडत. कर्नलपासून मात्र निवड मंडळ बसतं आणि एकेका बॅचमधली बरीच माणसं तिथं गळतात. कर्नल ५४ व्या, ब्रिगेडियर ५६ व्या, मेजर जनरल ५८ व्या आणि लेफ्टनंट जनरल ६० व्या वर्षी निवृत्त होतात. सातव्या वेतन आयोगात शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून, सुभेदार मेजरचं ४७,६०० पासून, आणि पहिल्या दिवशीच्या लेफ्टनंटचं ५६,१०० पासून सुरू होतं. लष्करी सेवावेतन अधिकाऱ्याला १५,५००, जवान आणि जेसीओंना ५,२००. जोखीम एकाच खंदकातली असताना हा फरक एवढा का, असा प्रश्न माजी सैनिकांच्या संघटना विचारतात, आणि तो मला रास्त वाटतो.

तिन्ही दलांची नावं वेगळी असल्यामुळे घोटाळा होतो. नौदलातला कॅप्टन भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा. हवाई दलात त्याला ग्रुप कॅप्टन म्हणतात. भूदलाचा कॅप्टन म्हणजे हवाई दलाचा फ्लाइट लेफ्टनंट. जेसीओंच्या जागी नौदलात मास्टर चीफ पेटी ऑफिसर, हवाई दलात वॉरंट ऑफिसर असतात. या दोन दलांत यंत्र समजणाऱ्या माणसाचं मोल आधीपासून जास्त. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर जहाजाच्या इंजिनांचं काम शिकलेला आर्टिफिसर हा नाविकच, पण त्याच्या हातातलं काम कारखान्यातल्या अभियंत्याला तोलणारं.

आता बाजूची दारं. एमबीबीएस डॉक्टर सैन्यात येतो तो थेट कॅप्टन म्हणून. तिन्ही दलांची वैद्यकीय सेवा एकत्र असल्यामुळे पुनीता अरोरा भूदलात लेफ्टनंट जनरल झाल्या आणि नंतर नौदलात जाऊन सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्या प्रमुख होत्या. त्याच महाविद्यालयातून शिकलेल्या माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. कायद्याच्या पदवीधरांसाठी जज अ‍ॅडव्होकेट जनरल शाखा आहे. नकाशे तयार करणारा सर्व्हेअर थेट हवालदार म्हणून घेतला जातो. पलटणीतले पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू थेट नायब सुभेदार म्हणून येतात. पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत त्यांना इतर धर्मांचीही ओळख करून दिली जाते, कारण मंदिर आणि गुरुद्वारा एकाच छपराखाली असलेल्या पलटणी आहेत. स्वयंपाकी, धोबी, न्हावी, शिंपी मात्र ट्रेड्समन म्हणून शिपायाच्या पायरीवरच सुरू करतात. दोन हजार माणसांच्या जेवणाचा अंदाज चुकू न देणारा आचारी हाही तज्ज्ञच, असं माझं ठाम मत आहे.

खेळाडूंचं पाहा. नीरज चोप्रा २०१६ मध्ये थेट नायब सुभेदार म्हणून दाखल झाला. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे बारावीनंतर ५ महारमध्ये साधा शिपाई होऊन गेला, सियाचीनवर राहिला, आणि पळायला लागला तो त्यानंतर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्यपदक जिंकलं तेव्हा तोही नायब सुभेदार होता. पदकांवर पाळी सोडून बढती देण्याची तरतूद फौजेत आहे. गुण दिसले की ज्येष्ठतेची रांग मोडता येते, हे फौजेनं स्वतःच मान्य केलेलं आहे.

मग शिपायाच्या जिन्यावरून अधिकाऱ्याच्या जिन्यावर जाण्याचं दार इतकं अरुंद का? ते आहे, आणि त्यातून गेलेली माणसं थोर आहेत. कारवारजवळच्या चेंडियाचे राम राघोबा राणे १९४० मध्ये खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले, आणि १९४७ च्या डिसेंबरमध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. चारच महिन्यांनी, ८ ते ११ एप्रिल १९४८ या काळात, नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे शत्रूच्या माऱ्याखाली हटवून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीरचक्र मिळवलं. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले. अशा जवानांसाठीच १९२९ मध्ये नौगावला किचनर कॉलेज निघालं होतं. त्याच परंपरेतलं आर्मी कॅडेट कॉलेज १९६० मध्ये पुण्यात सुरू झालं आणि १९७७ मध्ये देहरादूनला गेलं. निवड मंडळातून पास झालेला जवान तिथं तीन वर्षं शिकून पदवी घेतो, मग एक वर्ष अकादमीत काढून लेफ्टनंट होतो. वय उलटलेल्यांसाठी स्पेशल कमिशन्ड ऑफिसरची वाट आहे. सेवेच्या शेवटी, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला, निवडक जेसीओंना ऑनररी लेफ्टनंट किंवा कॅप्टन करतात. तो सन्मान मोठा आहे. पण तो मिळतो तेव्हा पलटण हाताळायची वेळ निघून गेलेली असते.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनं खालच्या जिन्याची रचनाच बदलली. अग्निवीर हा वेगळा हुद्दा, मुदत चार वर्षं, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत मुलं नियमित सेवेत. बाकीच्यांना सेवानिधीची रक्कम, पेन्शन नाही. भूदलाच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीला सुरू झालं, म्हणजे तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीच्या सुमारास भरतात. जुन्या पद्धतीत नायकी हुकलेला जवान पस्तिशीत पेन्शन घेऊन येई. आता तीन चतुर्थांश मुलं पंचविशीच्या आत, नायकीचा प्रश्न उभा राहण्याआधीच परततील. तरुण फौज हवी हे मी समजू शकतो. पण सेक्शन सांभाळणारा नायक घडायला सात-आठ वर्षं लागतात, आणि तो ज्यांच्यातून निवडायचा ती माणसं कमी झाली तर फौजेचंही नुकसान आहे.

महाराष्ट्राला वरच्या जिन्याची उणीव आधीच जाणवली होती. १९६१ मध्ये साताऱ्याला सैनिक शाळा निघाली, १९७७ मध्ये औरंगाबादला एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था सुरू झाली, आणि २०२३ मध्ये नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था आली. पण या सगळ्या सोयी भरती होण्याआधीच्या आहेत. अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारख्या, नावातच फौज असलेल्या गावांतून शिपाई होऊन गेलेल्या मुलाला पुढच्या वाटेचं सांगणारं कुणी नसतं. घरात आजोबा सुभेदार, काका हवालदार. त्यांनी पाहिलेला जिना तोच. तालुक्यातालुक्यातल्या भरती अकादम्या १६०० मीटरची धाव, बीम आणि लेखी परीक्षा घोटून घेतात. आर्मी कॅडेट कॉलेजसाठी बारावी पास, किमान दोन वर्षांची सेवा आणि २० ते २७ हे वय लागतं, एवढी माहिती त्यांनी धावण्याच्या वेळापत्रकाशेजारी लावली, तर भरती झालेला मुलगा पहिल्या सुट्टीवर येताना अर्जाची तारीख विचारत येईल.