नोंद घेतली!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा एक भाचा इंग्लंडात असतो. नोकरी बँकेतली, पण जीव अडकलाय एका गाडीत. गाडी म्हणजे साधी मोटार नव्हे. तिच्यात झोपायची सोय आहे, छोटा ओटा आहे, न्हाणीघरसुद्धा आहे. तिकडे तिला मोटरहोम म्हणतात. सुटी लागली, की बायको-पोरांना घेऊन हा निघाला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं याचं बिऱ्हाड चाकांवर.

अशा गाडीवाल्यांचे तिकडे क्लब आहेत. त्यांतला एक मोठा क्लब तर १९०७ साली निघाला. तेव्हा या फिरत्या घरांना घोडे जुंपत. भाच्याचा क्लब त्याहून पुष्कळ लहान आणि अलीकडचा. वर्षाची वर्गणी भरायची, मग क्लबच्या तळांवर गाडी सवलतीत उभी करता येते आणि मासिक घरपोच मिळतं. मागच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. आवाजात चीड होती. क्लबनं तळांचे दर वाढवले होते आणि लहान मुलं असलेल्या कुटुंबांची सवलत काढून घेतली होती. यानं दोन पत्रं लिहिली. दोन्हींना एकच छापील उत्तर आलं, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार.’ मग क्लबनं सभासदांना प्रश्नावली पाठवली. तळावरचे कर्मचारी सौजन्यानं वागतात का, मासिकाची छपाई आवडते का, असे वीस प्रश्न. दरवाढीबद्दल एकही नाही. पुढच्या अंकात अध्यक्षांनी लिहिलं, की बहुसंख्य सभासद समाधानी असल्याचं आढळून आलं आहे.

‘‘मामू,’’ भाचा म्हणाला, ‘‘तुमचं आयुष्य संस्थांमध्ये गेलं. मला सांगा, मी काय करू? क्लब सोडून देऊ?’’

मला हसू आलं. त्याला ठाऊक नव्हतं, की चोरीची फिर्याद त्यानं चोराकडेच आणली होती.

आमच्या गावच्या वाचनालयाचा मी शाळेत असल्यापासून सभासद. गाव तालुक्याचं, वाचनालय जुनं. महाराष्ट्राला या संस्थांची परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. आपल्याकडे विद्यापीठ निघण्याच्या आधीपासून माणसं एकत्र येऊन पुस्तकं वाचत होती. १९६७ साली ग्रंथालय कायदा आला, अ, ब, क, ड असे वर्ग आले आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान सुरू झालं. या अनुदानाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याशी काम आहे.

२००६ साली मी कार्यकारी मंडळावर निवडून आलो आणि सहकार्यवाह झालो. निवडून आलो म्हणजे काय, तर जागा जितक्या तितकेच अर्ज आले. माझ्याकडे एक काम आलं सूचनावहीचं. वाचनालयाच्या दाराशी टेबलावर ती वही असे, तिला सुतळीनं बॉलपेन बांधलेलं, आणि वर भिंतीवर पाटी, ‘सूचनांचे स्वागत आहे’. महिन्याच्या बैठकीआधी मी ती वही घरी न्यायची, प्रत्येक सूचनेखाली ‘नोंद घेतली’ असं लिहून सही करायची आणि वही पुन्हा जागेवर ठेवायची. पाच वर्षं मी हे इमानेइतबारे केलं. नोंद कुठे घेतली, असं विचाराल तर त्याच वहीत, त्याच पानावर. तिथून ती पुढे कुठेही गेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, वार्षिक सर्वसाधारण सभा असते की! असते. ती कशी चालते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. नोटिशीतच छापलेलं असतं, की गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी भरेल आणि त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही. त्यामुळे जाणती माणसं अर्धा तास उशिराच येतात. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम होतं, हिशेब मंजूर होतात, हिशेब-तपासनीस नेमले जातात. अगदी तळाशी शेवटचा विषय, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. सभासदाला जे बोलायचं असतं ते सगळं या एका ओळीत कोंबलेलं. तोवर मागच्या दारानं चहाच्या किटल्या आलेल्या असतात, चिवड्याच्या बश्यांचा आवाज यायला लागतो. कुणी उठून उभं राहिलंच, तर अध्यक्ष हसून म्हणतात, ‘‘सूचना चांगली आहे. लेखी द्या, मंडळ विचार करील.’’ लेखी दिली, की ती सूचनावहीत. आणि सूचनावही माझ्याकडे.

यात कुणाचा कट नसतो, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मंडळातली माणसं बिनपगारी असतात. स्वतःचा वेळ देतात, वेळप्रसंगी पदरचे पैसे घालतात. कर्मचाऱ्यांचे पगार अनुदानावर लटकलेले, अनुदान उशिरा येतं, छपराची कौलं फुटलेली. अशा वेळी वहीत कुणी लिहितं, ‘पंखा आवाज करतो’. त्याच्याच खाली दुसरा लिहितो, ‘पंखा बंद का असतो?’ राबणाऱ्याला वाटतं, ही कृतघ्नता आहे. हळूहळू तक्रार म्हणजे टीका, टीका म्हणजे विरोध आणि विरोध म्हणजे आपल्याला खुर्चीवरून उठवायचा डाव, अशी मनात जिना चढत जाते. मी तो जिना स्वतः चढलोय. एके काळी वहीत कडक शब्दांत लिहिणाऱ्यांपैकी मी एक होतो.

त्या पाच वर्षांतली एक सूचना मात्र मला पाठ आहे. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘सकाळी डबे, संध्याकाळी स्वयंपाक. वाचनालय नेमकं त्याच वेळी उघडं असतं. दुपारी दोन ते चार उघडं ठेवता येईल का? आम्ही चार-पाच जणी येऊ.’ मी लिहिलं, ‘नोंद घेतली’. तीन महिन्यांनी त्यांनी पुन्हा लिहिलं. मी पुन्हा नोंद घेतली. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त एवढंच लिहिलं, ‘दुपारच्या वेळेबद्दल?’ माझी नोंद तयारच होती. चौथ्यांदा काही आलं नाही. मला वाटलं, प्रश्न मिटला.

इथे मला एका पुस्तकाबद्दल सांगितलं पाहिजे. अल्बर्ट हर्शमन नावाचे अर्थशास्त्रज्ञ होते. बर्लिनमध्ये जन्मले, पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. १९७० साली त्यांनी एक लहानसं पुस्तक लिहिलं. विषय असा, की एखादी संस्था, दुकान किंवा पक्ष घसरणीला लागला तर त्यातली माणसं काय करतात? ते म्हणतात, दोन वाटा असतात. एक, उठून चालू लागणं. दुसरी, तिथेच राहून आवाज उठवणं. कोण कुठली वाट धरील, हे त्या जागेवर त्याचा जीव किती आहे यावरही ठरतं.

हे त्यांना सुचलं नायजेरियातल्या रेल्वेवरून. त्या देशाच्या उत्तरेत शेंगदाणा पिके आणि तो बंदरापर्यंत न्यायला जवळजवळ तेराशे किलोमीटर अंतर. इतक्या लांबच्या वाहतुकीत रेल्वेनं ट्रकला सहज मागे टाकावं. पण रेल्वेचा कारभार ढिसाळ, म्हणून माल ट्रकनं जायला लागला. आपल्याला वाटेल, गिऱ्हाईक तुटलं म्हणजे रेल्वे शुद्धीवर आली असेल. उलट झालं. ज्यांना उत्तम सेवेची सर्वांत जास्त गरज होती, ज्यांनी आरडाओरडा करून रेल्वेला हलवलं असतं, तेच आधी ट्रककडे गेले. मागे राहिले ते मुकाट सोसणारे. आणि रेल्वे सरकारी. तोटा भरून काढायला खजिना होताच. म्हणजे गिऱ्हाईक गेल्याचं दुःख नाही, आणि ओरडणारं तर कुणी उरलंच नाही. कारभाऱ्यांना कशी छान शांतता वाटली असेल!

हे वाचलं तेव्हा मला आमचं वाचनालय आठवलं. अनुदानासाठी सभासदसंख्येची किमान अट असते. तेवढी भरली, की वरचे पन्नास आले काय, गेले काय, वर्ग तोच आणि अनुदान तेच. वर्गणी थोडी कमी होते एवढंच. आमची वही त्या वर्षांत कोरी पडत चालली होती आणि वार्षिक अहवालात मी अभिमानानं लिहिलं होतं, ‘यंदा सभासदांच्या तक्रारी लक्षणीयरीत्या कमी झाल्या.’ ते वाक्य माझंच आहे. छापलेलं आहे, नाकारता येत नाही.

त्या बाई मला पुढे २०१२ साली एस.टी. स्टँडवर भेटल्या. गाडीला उशीर होता. मी विचारलं, ‘‘ताई, वाचनालयात दिसत नाही तुम्ही?’’ त्या म्हणाल्या, ‘‘अनामत कधीच परत घेतली, सर. दोन वर्षं झाली.’’ मी दुपारच्या वेळेचं काहीतरी पुटपुटलो. कर्मचारी एकच, तो अर्धवेळ, त्याला दुपारी बसवायचं तर पैसे कुठून आणायचे, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘मग हे लिहायचं की त्या वहीत. तुम्ही नाही म्हणाला असतात तरी मी राहिले असते. तुम्ही वाचलंत की नाही, हेच मला कळलं नाही.’’

मी कवी आहे. त्यामुळे हे मला खरं म्हणजे आधीच कळायला हवं होतं. मुशायऱ्यात शेर पडला तर लोक दाद देतात, नाही आवडला तर हुर्योही करतात. हुर्यो झालेला शायर दुसऱ्या दिवशी नवी गझल घेऊन उभा राहतो. पण ज्याच्या शेरानंतर समोरचे लोक शेजाऱ्याशी गप्पा मारायला लागतात, तो पुन्हा त्या मंचाकडे फिरकत नाही.

यावर अभ्यासही झालेला आहे. टॉम टायलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं शिकागोच्या नागरिकांना पोलीस आणि न्यायालयांचे अनुभव विचारले आणि १९९० साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याला आढळलं, की निकाल आपल्या बाजूनं लागला की विरुद्ध, यापेक्षा आपलं म्हणणं ऐकून घेतलं का आणि आपल्याला न्यायानं वागवलं का, याला लोक अधिक महत्त्व देतात. आमच्या बाईंनी हेच एस.टी.ची वाट पाहता पाहता सांगितलं होतं.

आपल्या राज्यात गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत याची तरतूद आहे. सभासदाचा तक्रार अर्ज आला, की समितीनं पुढच्या बैठकीत त्यावर निर्णय घ्यायचा आणि तो पंधरा दिवसांत सभासदाला कळवायचा. शिवाय सहकार कायद्याप्रमाणे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर विशेष सर्वसाधारण सभा महिन्याच्या आत बोलवावीच लागते. किती सोसायट्यांत हे पाळलं जातं ते तुम्हीच तुमच्या जिन्यात उभं राहून ठरवा. वाचनालयांना हा सहकार कायदा लागू नाही. आमची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. पण चांगली गोष्ट उसनी घ्यायला कायदा आड येत नाही. २०१४ साली मी पुन्हा मंडळावर गेलो तेव्हा एवढंच मागितलं, की सूचनावहीचं डावं पान सभासदाचं आणि उजवं पान मंडळाचं. उत्तर पंधरा दिवसांत, खाली नाव आणि तारीख. ‘हो’ असेल तर कधी, ‘नाही’ असेल तर का. ‘नोंद घेतली’ हे दोन शब्द वहीत लिहायला बंदी.

यानं चमत्कार झाला, असं कुणी समजू नये. पहिल्या वर्षी सूचना इतक्या वाढल्या, की आमचे एक जुने सहकारी वैतागून मंडळ सोडून गेले. एका गृहस्थांनी एकट्यानं पानंच्या पानं भरवली. त्यांतल्या निम्म्या सूचना ग्रंथपालांच्या अक्षराबद्दल होत्या. उजव्या पानावर ‘नाही’ खूप वेळा लिहावं लागलं, आणि ‘नाही’ लिहायचं म्हटलं की कारण शोधावं लागतं, आणि कारण शोधताना कधी कधी लक्षात येतं, की कारण नाहीच. दुपारची वेळ तशीच सुरू झाली. रोज नाही, मंगळवारी आणि शुक्रवारी. मंडळातल्या दोघांनी आळीपाळीनं बसायचं ठरवलं, पगाराचा प्रश्न तेवढ्यापुरता सुटला. त्या बाई मात्र परत आल्या नाहीत. त्यांचं कुटुंब तोवर दुसऱ्या गावी गेलं होतं.

भाच्याला मी सांगितलं, क्लब सोडायचा तर सोड, पण आधी क्लबची घटना काढून वाच. ठराव मांडायला किती सभासदांच्या सह्या लागतात आणि तो किती दिवस आधी द्यावा लागतो, ते बघ. दरवाढीविरुद्ध ठराव मांडू नकोस, तो पडेल. एवढाच मांड, की सभासदाच्या पत्राला ठरावीक मुदतीत कारणासह उत्तर द्यावं आणि ते मासिकात छापावं. त्यावर ‘नाही’ म्हणायला कुठल्याही अध्यक्षाला जड जातं. तो सह्या गोळा करतोय. तळावर संध्याकाळी शेजारच्या गाड्यांची दारं ठोठावतो म्हणे. काही जण चहा पाजतात, काही जण आतूनच दिवा मालवतात.

आमच्या वहीत गेल्या आठवड्यात एका मुलानं लिहिलंय, की स्पर्धा परीक्षांची पुस्तकं तीन वर्षांपूर्वीची आहेत, ती आता कुणाच्या कामाची? बरोबर लिहिलंय. पैसे किती आहेत, ते उद्या खजिनदारांना विचारायचंय. पंधरावा दिवस गुरुवारी येतो.