बोटांना काच दिसत नाही

मार्चअखेरीला कुठल्याही सीएच्या ऑफिसात टॅलीवर नोंदी करणाऱ्या माणसाकडे जरा निरखून बघा. त्याची नजर कीबोर्डवर नसतेच. ती बिलांच्या गठ्ठ्यावर असते. एफ५ म्हणजे पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस, आणि चुकलं की एस्केप. बोट वर जातं, बटण दाबतं आणि पुन्हा आकड्यांवर येतं. मोठ्या कीबोर्डवर ही वरची बटणं चार-चारच्या गटात बसवलेली असतात आणि दोन गटांमध्ये थोडी फट सोडलेली असते. पहिली फट ओलांडली की एफ५, दुसऱ्या फटीच्या अलीकडे एफ८ आणि पलीकडे एफ९. ही फट शोभेची नाही. ती बोटांसाठी ठेवलेली खूण आहे.

नेमकी हीच रांग लॅपटॉप कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा काढून टाकली आणि तिच्या जागी गुळगुळीत स्पर्शपट्टी बसवली. २०१४ मध्ये लेनोवोने थिंकपॅड एक्स१ कार्बनवर हा प्रयोग केला आणि पुढच्याच वर्षी खरी बटणं परत आणली. २०१६ मध्ये ॲपलने मॅकबुक प्रोवर ‘टच बार’ आणला. २१७० बाय ६० पिक्सेलची ती चिंचोळी रंगीत पट्टी उघडलेल्या ॲपनुसार रूप बदलायची आणि दिसायला देखणी होती. पण एस्केपसुद्धा तिच्यातच गेलं होतं. व्हिमसारख्या एडिटरमध्ये काम करणारा प्रोग्रॅमर दिवसभर एस्केप दाबत असतो, तेही न बघता. २०१९ च्या १६ इंची मॉडेलवर एस्केपचं खरं बटण परत आलं, २०२१ च्या नव्या मॉडेलांवरून पट्टीच गेली आणि २०२३ मध्ये टच बार असलेला शेवटचा मॅकबुकही बाजारातून उठला. यातलं बरंचसं डोळ्यांसमोर असताना डेलने २०२२ मध्ये एक्सपीएस १३ प्लसवर वरची सगळी रांग स्पर्शाची केली. म्हणून हा प्रश्न एका फसलेल्या मॉडेलपुरता नाही. बोटांना काय लागतं याचा विचारच पुन्हा पुन्हा राहून जातो आहे.

आधी काच काय करते ते पाहू. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड किंवा तशाच एखाद्या विद्युतवाहक पदार्थाच्या आडव्या-उभ्या रेषांची बारीक जाळी असते. रेषा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे अगदी थोडा विद्युतभार साठतो. आपलं शरीर म्हणजे बरंचसं खारट पाणी, त्यामुळे ते विजेचं वाहक आहे. बोट जवळ आलं की त्या जागेचं विद्युतक्षेत्र बदलतं, भार साठवण्याची क्षमता किंचित कमी-जास्त होते, आणि सेकंदाला कितीतरी वेळा जाळी तपासणारी चिप तो फरक टिपते. ही विद्या खरोखर विलक्षण आहे आणि मोबाइलवर ती शोभते. पण चिपला कळतं ते इतकंच की इथे काहीतरी वाहक आलं आहे. बोट विसाव्याला टेकलं आहे, चाचपडत पुढे सरकतं आहे की खरंच आज्ञा देतं आहे, हे तिला कळत नाही. काचेवर टेकवणं आणि दाबणं एकच. टच बारवर सिरी या आवाजी मदतनिसाचं चिन्ह सुरुवातीला उजव्या टोकाला, डिलीटच्या अगदी वर असायचं. अक्षर पुसायला गेलेलं बोट जरा वर सरकलं की सिरी हजर. पावसाळ्यात तर वेगळाच ताप. पाणीही जाळीचा भार बदलतं, म्हणून ओल्या बोटाने एकतर नको तिथे स्पर्श नोंदला जातो किंवा नोंदलाच जात नाही.

आता बटणाकडे या. लॅपटॉपच्या बहुतेक बटणांखाली रबराची एक छोटी टोपी असते. बटण दाबू लागलं की तिचा विरोध वाढत जातो आणि एका क्षणी टोपी एकदम आत बसते. विरोध अचानक कमी होतो आणि बोटाला ‘टक्’ जाणवतं. हा सगळा प्रवास जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा. आयबीएमच्या १९८५ च्या मॉडेल एम कीबोर्डमध्ये रबराऐवजी स्प्रिंग होती. ती ठरावीक दाबानंतर बाजूला वाकायची आणि खणखणीत आवाज यायचा. तो कीबोर्ड जपून ठेवणारे लोक आजही आहेत.

त्या दीड मिलिमीटरात त्वचेत किती घडामोडी होतात! रोलंड योहान्सन आणि ओके वाल्बो या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये माणसाच्या एका तळहाताला सुमारे १७,००० स्पर्शग्राहक जोडलेले असावेत असा अंदाज मांडला. त्यांची सर्वांत दाट वस्ती बोटांच्या टोकांवर आहे. मर्केल ग्राहक कडा आणि स्थिर दाब ओळखतात: बटणाची कड कुठे संपते, फट कुठे आहे, हे ते सांगतात. माइस्नर ग्राहकांना बोट हलकेच घसरलेलं कळतं. खोलवर असलेले पॅसिनियन ग्राहक कंपनांना कमालीचे संवेदनशील असतात, विशेषतः सेकंदाला २०० ते ३०० कंपनांच्या आसपास. ‘टक्’ची थरथर त्यांच्यापर्यंत पोचते. त्वचेचा ताण टिपणारे रुफिनी ग्राहक वेगळेच. शिवाय स्नायूंमधले संवेदक हाताची बोटं कुठे आहेत याची खबर मेंदूला सतत देत असतात.

म्हणजे बटण बोटाला तीन गोष्टी सांगतं: तू कुठे आहेस, तू अजून फक्त टेकला आहेस, आणि आता काम झालं. यातल्या पहिल्या दोन दाबण्याच्या आधीच्या आहेत. तिथेच चूक टळते. कीबोर्डच्या मधल्या रांगेत एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात. इनस्क्रिप्टमध्ये मराठी टाइप करणाऱ्याच्या डाव्या तर्जनीखाली तिथे ऱ्हस्व वेलांटी येते आणि उजव्या तर्जनीखाली ‘र’. ते दोन उंचवटे सापडले की बाकीची सगळी वर्णमाला आपोआप जागेवर बसते. काचेवर असा उंचवटा नाही. तिथे जागा डोळ्यांनीच शोधावी लागते, म्हणजे स्क्रीनवरून नजर काढायची, खाली बघायचं, नेम धरायचा आणि पुन्हा वर यायचं.

यावर काचेला थरथर द्या, असं उत्तर दिलं जातं. ते अर्ध खरं आहे. २०१५ पासून मॅकबुकचा ट्रॅकपॅड पूर्वीसारखा खाली जातच नाही. तो बोटाचा दाब मोजतो, खालचं विद्युतचुंबक त्याला क्षणभर हलवतं आणि आपल्याला बटण दाबल्याचाच भास होतो. पॅसिनियन ग्राहक चक्क फसतात. पण ही थरथर ‘काम झालं’ एवढंच सांगते. कड, फट, उंचवटा यांची भरपाई ती करत नाही. टच बारमध्ये तर ती थरथरही नव्हती.

लॅपटॉपवर चूक झाली तर एखादी नोंद पुन्हा करावी लागते, पण सगळीकडे चूक इतकी स्वस्त नसते. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाच्या ‘जॉन एस. मॅकेन’ या विनाशिकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि १० नौसैनिक मृत्युमुखी पडले. जहाजाचं सुकाणू आणि वेग टचस्क्रीनवर होते. दोन्ही बाजूंच्या पंख्यांचा वेग एकत्र बदलण्याची सोय त्या वेळी सुटलेली होती. वेग कमी करताना एकाच बाजूचा कमी झाला, दुसरी बाजू तशीच चालू राहिली आणि जहाज वळत गेलं. प्रशिक्षण आणि थकवा हेही दोष चौकशीत निघाले. पण दोन लोखंडी दांडे हातात असते तर एक मागे आणि एक पुढे आहे हे हातालाच कळलं असतं. २०१९ मध्ये अमेरिकन नौदलाने विनाशिकांवर वेगनियंत्रणाचे खरे दांडे परत बसवायचं ठरवलं.

मोटारींची कथा तीच. ‘वी बिलॅगारे’ या स्वीडिश मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने गाड्या चालवत एसी, रेडिओ यांसारखी साधी कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. बटणांच्या २००५ सालच्या व्होल्वोत ती १० सेकंदांत झाली. एमजीच्या एका नव्या, टचस्क्रीनवाल्या गाडीला ४४.६ सेकंद लागले. तेवढ्यात गाडी १,३७२ मीटर पुढे गेली होती. आता गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपातल्या ‘युरो एनकॅप’ या संस्थेने २०२६ पासूनच्या सुरक्षा गुणांकनात इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा मोजक्या गोष्टींसाठी प्रत्यक्ष बटणं-दांड्यांना महत्त्व दिलं आहे.

आणि ज्यांना दिसतच नाही त्यांचं काय? कीपॅडच्या ५ या आकड्यावरचा ठिपका हा दृष्टिहीन माणसाचा आधार असतो. सपाट काचेच्या कार्ड यंत्रावर त्याला आपला पिन दुसऱ्याला सांगावा लागतो. याला प्रगती म्हणायला मी तयार नाही. आपल्या मतदान यंत्राकडे बघा: प्रत्येक उमेदवारासमोर निळं बटण, शेजारी ब्रेलमधला क्रमांक, आणि मत नोंदलं गेलं की लाल दिवा आणि लांब बीप. न दिसणारा मतदारही ते बटण स्वतः शोधू शकतो.

स्पर्शपट्टीला काहीच अर्थ नाही, असं माझं म्हणणं नाही. फोटो चाळायला, नकाशा मोठा करायला काचेसारखं दुसरं काही नाही, कारण तिथे नजर आधीपासूनच काचेवर असते. आवाज, म्यूट, एस्केप, टॅलीतली एफ बटणं यांची गरज मात्र नजर दुसरीकडे असतानाच लागते. कंपन्यांना पट्टी हवीशी वाटते कारण लॅपटॉप चकाचक दिसतो आणि चिन्हं सॉफ्टवेअरने कधीही बदलता येतात. पण जागा आणि अर्थ रोज बदलणाऱ्या बटणाची सवय बोटांना लागणार कशी?

लेनोवो आणि ॲपल या दोन्ही कंपन्यांना माघार घ्यावी लागली, ती वापरणाऱ्यांनी तक्रार केली म्हणून. तेव्हा पुढचा लॅपटॉप घेताना प्रोसेसर आणि रॅमबरोबर आणखी एक गोष्ट तपासा. दुकानात उभ्या उभ्या डोळे मिटा आणि बोटांनी एफ५ शोधा. सापडलं नाही तर दुकानदाराला कारण सांगून दुसरं मॉडेल मागा.